शेवटून पहिला नंबर

आमच्या अल वक्राच्या घरात बर्फावरची हॉकी शिरली ती माझ्या धाकट्या दिरामुळे आणि टिकली ती सासूबाईंमुळे. मला स्वतःला कुठल्याच खेळाचं वेड नव्हतं. माहेरी, साताऱ्याला, भाऊ क्रिकेटची मॅच लावून बसले की मी पुस्तक घेऊन गच्चीवर जायची. पन्नाशीच्या जवळ आल्यावर, कतारमध्ये राहून, कॅनडातल्या एका हॉकी संघापायी माझा सकाळचा चहा कडू होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

सासरे गेल्यावर सासूबाई नाशिकहून आमच्याकडे राहायला आल्या. माझा नवरा मेसईदच्या एका खत कारखान्यात इंजिनिअर आहे. कंपनीची बस त्याला पहाटेच घेऊन जाते. मुलगी पुण्याला शिकते. मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते, तिथे नऊला पोचलं की चालतं. म्हणजे बस गेल्यापासून मी निघेपर्यंत घरात आम्ही दोघीच. सुरुवातीचे महिने फार जड गेले. सासूबाई अंधारातच उठत, अंघोळ-पूजा उरकत आणि मग खिडकीशी बसून समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे आणि पार्किंगमधल्या धुळीनं माखलेल्या गाड्यांकडे बघत राहत.

"इथे माणसं चालत का नाहीत गं?" त्यांनी मला एकदा विचारलं.

ऑगस्ट चालू होता. बाहेर काय होतं ते त्यांनाही दिसत होतं. पण त्यांचा प्रश्न उन्हाबद्दल नव्हता, हे मला कळत होतं.

दीर कॅनडाच्या पश्चिमेकडच्या एका थंड शहरात राहतो. त्याचं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. फोनवर तो "बरं आहे, चाललंय" एवढंच सांगायचा, आणि सासूबाई "जेवलास का?" एवढंच विचारायच्या. मग एका हिवाळ्यात त्याच्या बोलण्यात तिथला हॉकीचा संघ यायला लागला. ऑफिसातल्या चौघांबरोबर त्यानं पूर्ण सीझनची तिकिटं घेतली होती, गोलच्या अगदी मागे, काचेला लागून. एका शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. मागे प्रचंड गोंगाट होता.

"आई, टीव्ही लाव. दादाला ते ॲप कसं घालायचं ते सांगितलंय मी. गोलच्या डाव्या हाताला बघ, मी दिसेन."

नवऱ्याला सुट्टी होती. त्यानं डोळे चोळत चोळत ते ॲप टीव्हीवर आणलं. तिथली संध्याकाळची मॅच म्हणजे आमची पहाट. सासूबाईंनी खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली की आम्हाला पडदा दिसेना. बराच वेळ नुसतीच माणसं बर्फावरून घसरत एकमेकांवर आदळत होती. मग विटकरी जर्सीवाल्या आमच्या संघानं गोल केला, कॅमेरा गोलच्या मागे वळला आणि तिथे तो होता. अंगात जर्सी, तोंड आ वासलेलं, दोन्ही तळव्यांनी काच बडवत होता.

"अगं तो! अगं, आपला तो!" सासूबाई उभ्याच राहिल्या.

कॅमेरा लगेच दुसरीकडे गेला. त्या मात्र तशाच उभ्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ओरडत होता गं. किती दिवसांनी असा तोंड उघडून ओरडताना बघितला."

त्यानंतर एकही मॅच चुकली नाही.

सासूबाई तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायच्या. उजवा कोपरा त्यांचा. मला नुसतं पडणं-आदळणं दिसत होतं, तेव्हा त्यांना खेळ दिसायला लागला होता. माणसं भिंतीवर आपटली की मी डोळे मिटायची आणि त्या म्हणायच्या, "काही होत नाही. पकड केली त्यानं." दांडगाईबद्दल खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बसवतात, हे त्यांनीच मला समजावलं. "आपल्याकडे बाद झाला की बाहेर बसतो ना, तसंच. फक्त इथे दोन मिनिटं झाली की आपोआप जिवंत होतो." चेंडूऐवजी जी काळी रबरी चकती असते ती मला अजूनही पटकन दिसत नाही. त्यांना या वयातही दिसायची. समोरच्या फ्लॅटमधली इजिप्शियन बाई मुलांना शाळेच्या बससाठी "यल्ला, यल्ला" करत, म्हणजे "चला, चला" करत, जिना उतरवायची, तो शब्द सासूबाईंनी उचलला आणि आमचे खेळाडू चकती घेऊन सुटले की त्या टीव्हीसमोर "यल्ला!" म्हणून ओरडायला लागल्या. मधल्या सुट्टीत बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरायला लागली की आम्ही उठून पोह्यांना फोडणी द्यायचो.

दीर मॅच संपली की फोन करायचा. आधी आठवड्यातून एकदा येणारा फोन आता मॅचगणिक यायला लागला. मायलेकरं तासतास बोलायची. कोण दमलाय, कुणाला उगीच खेळवताहेत, गोलवाला डाव्या बाजूला कच्चा कसा आहे. मी कणीक मळता मळता ऐकायची. मलाही मतं असायची. मग मीही मध्ये तोंड घालायला लागले. त्या वर्षी संघ बाद फेरीपर्यंत पोचला आणि पहिल्याच फेरीत हरला. आम्हाला फार वाईट वाटलं. ते आमच्या वाट्याचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी गोलवाल्याच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि घसरण सुरू झाली. नुसतं हरणं परवडलं असतं. हे लोक आधी पुढे जायचे. दोन भाग छान खेळायचे, आम्ही दोघी खुर्चीच्या कडेला येऊन बसायचो आणि तिसऱ्या भागात सगळं घालवून टाकायचे. तीन भागांचा हा खेळ; तिसरा भाग लागला की मी पडद्यावरच्या घड्याळाकडेच बघत बसायची. शेवटची दोन मिनिटं उरली आणि आपण मागे असलो की गोलवाल्याला बाहेर काढून एक जादा खेळाडू आत घालतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अरे, घर उघडं टाकून कुठे निघालात?" नेमका त्याच वेळी समोरच्यानं लांबून चकती मारली आणि ती सरळ रिकाम्या गोलात गेली. त्यानंतर हे इतक्या वेळा झालं की गोलवाला बाहेर यायला लागला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या.

दिवसभर ते मनात राहायचं. दवाखान्यात फोन घेताना, पुढच्या अपॉइंटमेंट देताना, मला मधूनच तो रिकामा गोल दिसायचा. एकदा आमच्या केरळी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, आज चेहरा का असा? मॅच हरलो, मी म्हणाले. त्या चक्रावल्या. "काल क्रिकेट कुठे होतं?" मी सांगायला लागले आणि त्यांचा चेहरा बघून थांबले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका ओळखीच्या बाईला सांगितलं तर तिनं शेजारच्या दोघींना बोलावून घेतलं. "ऐका गं, ही बर्फावरची हॉकी बघते. कतारमध्ये बसून!" तिघी छान हसल्या. मीही हसले. पण क्रिकेट हरलं की सगळं दोहा आपल्याबरोबर हरतं, दुकानदारापासून टॅक्सीवाल्यापर्यंत कुणाशीही हळहळता येतं. आमच्या हरण्याला या देशात आमच्या हॉलबाहेर माणूस नव्हता.

तिसऱ्या वर्षी त्यांनी कप्तान विकला.

दिराचा फोन भलत्याच वेळी आला, मी दवाखान्यातून नुकतीच येऊन चपला काढत होते. "वहिनी, आईला द्या," एवढंच म्हणाला. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, कप्तानाला विकला त्यांनी."

"विकला म्हणजे? बैल आहे का तो?"

"म्हणजे दुसऱ्या संघाला दिला. त्याच्या बदल्यात कुठली तरी लहान पोरं घेतली. नव्यानं संघ बांधायचा म्हणताहेत. चार-पाच वर्षं धीर धरा म्हणताहेत."

"त्याला विचारलं का?"

"माहीत नाही गं. टीव्हीवर रडत होता."

सासूबाई म्हणाल्या, "चार-पाच वर्षं म्हणजे मी काही बघत नाही मग."

"असं काय बोलतेस?"

"खरं तेच बोलते."

त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. हिशेब केल्यासारखं त्या बोलल्या.

कप्तान गेल्यावर संघ कोसळलाच. पाच-पाच, सहा-सहा गोल बसायचे. सासूबाई त्याला "लोण चढवलं" म्हणायच्या. कबड्डीत अख्खा संघ बाद झाला की म्हणतात तसं. हळूहळू काचेमागच्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. कोच बदलला. नवा कोच मुलाखतीत तेच बोलायचा जे जुना बोलायचा. नवरा सुट्टीच्या दिवशी उठून हॉलमध्ये यायचा, पडद्यावरचा आकडा बघायचा, "खलास" म्हणायचा आणि परत झोपायला जायचा. मला त्याचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

मग तो पिशव्यांचा दिवस आला. मॅच सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, कॅमेरा गोलच्या मागे गेला आणि तिथे ओळीनं माणसं बसली होती ती डोक्यावर खाकी कागदी पिशव्या घालून. वाण्याकडे मिळते तसली पिशवी, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. समालोचक हसत काहीतरी म्हणाला. मी दिराला शोधत होते आणि सापडत नव्हता.

"तो तिसरा," सासूबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"हात बघ. बोटं मोडतोय."

खरंच, तिसऱ्या पिशवीखालचे हात एकेक बोट मोडत होते. त्या दिवशी त्यांनी मॅच पुढे बघितली नाही. फोन आला तेव्हा नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "तोंडावर पिशवी कशाला घातलीस?"

"निषेध आहे आई. सगळ्यांनी ठरवून केलं. लाज वाटते आम्हाला, हे त्यांना कळायला पाहिजे."

"लाज त्यांना वाटू दे. तू काय केलंयस? चोरी केलीस का कुणाची?"

"तसं नसतं गं ते."

"मी इथे पहाटे उठून तुझं तोंड दिसेल म्हणून बसते," सासूबाई म्हणाल्या. "पिशवी बघायला नाही."

तो हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. पुढच्या मॅचलाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पिशव्या घातल्या होत्या. त्याच्या पुढच्या मॅचला त्यांच्या पाच खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या होत्या.

तरीही ही निराशा सरळ होती. हरलो म्हणून वाईट वाटत होतं. खरी पंचाईत पुढे झाली. सीझनच्या अखेरीस दिराचे मेसेज बदलले. संघ हरला की तो टाळ्यांची चित्रं पाठवायला लागला. "मस्त! अजून एक हरलो!" मला वाटलं, उपरोध असेल. शेवटी नवऱ्यानं त्याला फोन करून नीट विचारून घेतलं आणि शुक्रवारी जेवताना आम्हाला समजावलं. वर्ष संपल्यावर नव्या पोरांची निवड असते. जो संघ तळाला, त्याला सगळ्यात चांगला पोरगा आधी मिळायची शक्यता सर्वांत जास्त. चिठ्ठ्या टाकतात, पण तळाच्या संघाच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. आणि त्या वर्षी असा एक पोरगा होता म्हणे, की तो ज्याला मिळेल त्याचं नशीब फिरेल.

"म्हणजे हरलेलं बरं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. आता शेवटून पहिला नंबर यायला पाहिजे."

"आणि हे त्या खेळणाऱ्यांना माहितीये?"

"सगळ्यांनाच माहितीये, आई."

त्या भात कालवत राहिल्या. घास काही घेतला नाही.

मला मात्र ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मी दमले होते. तीन वर्षं रोज जिंकण्याची आशा धरून सकाळ खराब करून घेण्यापेक्षा हरण्याची आशा धरली तर निदान ती पुरी तरी होईल, असा माझा विचार. मी रोज तळाच्या संघांचे गुण बघायला लागले. एका सकाळी आमच्यावर चौथा गोल झाला आणि मी मोठ्यानं "बरं झालं" म्हणाले.

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "त्या गोलवाल्याकडे बघ जरा," त्या म्हणाल्या. "आणि मग बोल."

गोलवाला गुडघ्यांवर बसला होता, कपाळ जवळजवळ बर्फाला टेकलेलं.  पण मनातून मला अजूनही वाटत होतं, बरंच झालं. आपल्या माणसांवर गोल झाल्याचं समाधान वाटणं ही काय चीज आहे, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगता येणार नाही. काहीच उरत नाही मग बघण्यासारखं. हरलो तर ठरवल्यासारखं आणि जिंकलो तर नुकसान.

शेवटची मॅच आली तेव्हा आम्ही अगदी तळाला होतो. हरलो असतो तर काम झालं असतं. आणि त्या दिवशी, त्या एकाच दिवशी, ही पोरं खेळली. कुणाला काय झालं होतं कोण जाणे. मागे पडले, बरोबरी केली, परत मागे पडले, परत बरोबरी केली. जादा वेळेत कुणाला फारसं माहीत नसलेल्या एका खेळाडूनं दोघांमधून वाट काढून गोल मारला आणि सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये थोडेसे लोक नाचत होते.

सासूबाई रडत होत्या. "यल्ला, यल्ला" म्हणत म्हणतच रडत होत्या. "बघितलंस? अगं, बघितलंस का?" त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मीही चिठ्ठ्या-बिठ्ठ्या विसरले होते. खोटं का बोलू, वर्षभरात त्या क्षणाइतका आनंद मला झाला नव्हता. त्यांनी लगेच दिराला फोन लावायला सांगितला.

"अरे, जिंकलो आपण!"

तो म्हणाला, "आई, तुला कळतंय का काय झालं ते? तळावरून वर सरकलो आपण. अख्खं वर्ष हरले आणि शेवटच्या दिवशी जिंकले गाढव. एक हरायचं काम होतं, तेही नीट करता येत नाही यांना."

"अरे, पण काय खेळले! तू होतास ना तिथे?"

"घरी आहे मी. गेलोच नव्हतो."

"शेवटची मॅच आणि गेला नाहीस?"

"आई, ठेवतो मी. प्लीज."

फोन बंद झाला. सासूबाईंनी तो टीपॉयवर उपडा ठेवला आणि कोथिंबीर निवडायला घेतली. टीव्हीवर खेळाडू अजून प्रेक्षकांना काठ्या उंचावून अभिवादन करत होते. मी आवाज बंद केला.

काही आठवड्यांनी चिठ्ठ्या निघाल्या. पहिली निवड ज्या संघाला मिळाली तो अगदी तळाचा होता. आम्ही त्या एका विजयानं ज्याच्या वर सरकलो होतो, तोच. तो पोरगा तिकडे गेला. म्हणजे दीर चिडून बोलला होता ते शब्दशः खरं निघालं, आणि सासूबाई ज्या एका सकाळी आनंदानं रडल्या होत्या ती सकाळच आम्हाला नडली होती. त्यांना हे सांगावं की नाही, यावर नवरा आणि मी कुजबुजत होतो. त्या दारातूनच म्हणाल्या, "कळलंय मला. वाचता येतं मला फोनवर."

दिराचे फोन कमी झाले. पहिल्यासारखे, आठवड्याला एक. "बरं आहे, चाललंय." "जेवलास का?" मधल्या तीन वर्षांत जमलेलं बोलणं कुठे गेलं ते कळलं नाही. हॉकी सोडली तर त्या दोघांकडे बोलायला काही नव्हतं, हे आधीही तसंच असणार. फक्त आता ते ऐकू येत होतं.

डिसेंबरात तो आठवडाभर आमच्याकडे आला. हवा छान होती. पहिल्या दिवशी आम्ही समुद्राकाठी, जुन्या बाजाराकडे फिरून आलो. तो बारीक झाला होता. सीझनची तिकिटं त्यानं परत केली होती, हे त्यानं जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं. सासूबाईंनी शुक्रवारी हट्ट धरला की आपण बर्फाच्या मॉलमध्ये जाऊ. दोह्यातल्या एका मॉलच्या मधोमध स्केटिंगचं मैदान आहे आणि सुट्टीच्या सकाळी तिथे मुलं हॉकीचा सराव करतात. दीर नको म्हणत होता. तरी आम्ही गेलो.

सासूबाई काचेला चिकटून उभ्या राहिल्या. आत हेल्मेट घातलेली मुलं धडपडत चकतीमागे पळत होती. दीर फूड कोर्टात मैदानाकडे पाठ करून बसला. मी कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसले.

"तुम्ही अजून बघता, वहिनी?" त्यानं विचारलं.

"बघतो ना."

"कशासाठी?"

मी साखरेची पुडी फोडून कॉफीत घातली. मग तोच बोलायला लागला, कपाकडे बघत. "ती गेली ना घर सोडून, तेव्हा संध्याकाळी कुठे जायचं तेच कळायचं नाही. तिथे गेलो की ते चौघं असायचे. मला उशीर झाला तर एक जण विचारायचा, कुठे होतास? बास, तेवढंच. मग हरायला लागले आणि एकेक जण यायचा बंद झाला. शेवटी शेवटी मी एकटाच जायचो. शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या. तिकीट परत केलं तेव्हा वाटलं, कुणाचा तरी फोन येईल. इतकी वर्षं आलात, काय झालं म्हणून. एक मेल आला. मशीननं पाठवलेला."

"आईंना सांगितलंत का हे?"

"काय सांगू, वहिनी?"

तेवढ्यात सासूबाई आल्या. गाल लाल झाले होते. "त्या छोट्या गोलवालीला कोपरा सांभाळता येत नाही रे. तू सांग ना जाऊन तिच्या सरांना. तुला इंग्रजी चांगलं येतं."

"आई, पुरे!" तो इतक्या जोरात म्हणाला की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघितलं. "पुरे झाली आता ती हॉकी. बंद कर. मरू दे."

सासूबाई खुर्चीत बसल्या. पर्समधून रुमाल काढला, परत आत ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या.  अल वक्राला परतताना गाडीत नवऱ्यानं रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

दीर गेल्यानंतरच्या पहिल्या मॅचला मी नेहमीसारखा टीव्ही लावला आणि हाक मारली, "आई, सुरू झाली." आतून उत्तर आलं, "तू बघ." मला वाटलं, एखाद-दोन दिवस. पण त्या पुन्हा हॉलमध्ये मॅचला आल्या नाहीत. त्या वेळात खोलीत पोथी वाचत बसायच्या. मी आवाज लहान ठेवायची. एकदा मी जाऊन सांगितलं, आज बरे खेळले, थोडक्यात हरले. त्यांनी पोथीतून वर न बघता म्हटलं, "मला नको सांगूस गं." मग सांगणंही थांबलं.

उन्हाळ्याच्या आधी त्यांचा गुडघा फारच दुखायला लागला. ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं, आणि नंतर त्या नणंदेकडेच राहिल्या. तिथे सोसायटीत बाकावर बायका असतात, संध्याकाळी भजन असतं. परत येईन म्हणतात. तारीख सांगत नाहीत.

मी अजून बघते. या वर्षीही आम्ही तळाशीच आहोत. नवी पोरं आलीत, त्यांची नावं मला पाठ झाली आहेत, आणि त्यातलं जे बरं असेल ते पुढेमागे विकतील हेही मला माहीत आहे. दीर बघत नाही, सासूबाई बघत नाहीत, नवरा मेसईदच्या बसमध्ये डुलकी घेत असतो. "तू का बघतेस मग?" असं त्यानं मला परवा विचारलं. सवय, मी म्हणाले. ते खरं उत्तर नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही. सहा महिन्यांत कधीतरी एकदा जिंकतात. मी टाळ्या वाजवायला हात वर करते आणि हॉलमध्ये मी एकटीच असते.

आज सकाळी दुसरा भाग संपेपर्यंत आम्ही दोन गोलांनी पुढे होतो. तिसऱ्या भागात तीन बसले. मी टीव्ही बंद केला, कप विसळला आणि दवाखान्याला निघायच्या आधी नाशिकला फोन लावला. सासूबाईंनी तिथल्या थंडीचं सांगितलं, फिजिओथेरपीवाल्या मुलीचं सांगितलं, माझ्या मुलीची चौकशी केली, आमच्याकडे धुळीचं वादळ झालं का विचारलं. मग दोघींकडचं बोलणं संपलं. लाइन चालू होती, त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या मॅचचं विचारतील म्हणून मी थांबले.

"ठेवू मग?" त्या म्हणाल्या.

"ठेवा," मी म्हणाले.